आदल्या दिवशी लिहिलेली सभा

आमच्या शाळेतली सभा भरायच्या आधीच संपलेली असायची. हे मी अभिमानाने सांगतो, कारण ती संपवणारा मीच. चाळीसगाव-धुळे रस्त्यापासून आत, कपाशीत बुडालेल्या एका गावात मी शिक्षक होतो आणि व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. सभा गुरुवारी असली की मी बुधवारीच लिहून मोकळा: चर्चा, सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर', आभार, चहापान. पालक येता-जाता सह्या ठोकत. जुन्या हेडसरांना हीच पद्धत पसंत होती. दुसऱ्याचं मत कानावर पडलं की त्यांना मिरचीच्या धुरासारखा ठसका लागे. ते मैदानात नुसते खाकरले तरी चाळीसगावच्या फलाटावरची गाडी दोन डबे पुढे सरकायची. मी स्वतः पाहिलंय.

एका गोष्टीपुढे मात्र त्या खाकरण्याचंही काही चालेना. कापसाची वेचणी लागली की सातवीच्या मुली वर्गातून गायब. सर नोटिसा काढत, पालकांना झापत. मुली काही येत नसत, आणि त्यातल्या काही पुन्हा कधीच येत नसत.

सर निवृत्त झाले आणि नव्या हेडबाई आल्या. आवाज इतका हळू, की पहिले आठ दिवस मला वाटलं त्या मनातल्या मनात शाळा चालवतात. त्यांची पहिली सभा याच मुलींसाठी. मी सवयीने आदल्या दिवशी लिहून टाकली: गैरहजर मुलींच्या पालकांना नोटीस. सूचक आबा, अनुमोदक अक्का.

"सर, मागच्या सभेत काय ठरलं ते वाचा," बाई म्हणाल्या. मी रुबाबात वही उघडली आणि घाईत आजचीच सभा वाचली, थेट चहापानापर्यंत.

अक्कांची मुलगी सातवीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, मी हाई कधय बोलनू?"

"आनि च्या कोठे शे?" आबांनी विचारलं. नातवाचे पालक म्हणून ते समितीत होते; बाकी वेळ पारावर पत्ते.

बाईंनी पानावर आडवी रेघ मारली. माझी नोकरी त्या रेघेखाली गेली असं मी धरून चाललो. पण त्या अक्कांकडे वळल्या. "तुम्ही काय बोलला असता?"

"पोरी कापूस येचाले जात नहीत. मी वावरमा गऊ का धाकलाले कोन देखी? पोरगीच देखस."

"अंगणवाडी?"

"ती दुपारले बंद व्हस. कापूस बंद व्हस का?"

मुली घरी धाकट्यांना राखत होत्या, आणि इतकी वर्षं आम्ही भलत्याच दुखण्याला नोटिसा लावत होतो. मग अक्कांची नजर आबांवर गेली आणि तिथून शाळेच्या ओट्यावर. "पारवर बठ्ठा म्हातारा बठेल शेतस. दुपारले शायना वट्टावर बठतीन."

"ह्या वयमा मी पोरे सांभायसू?"

"पत्ता सांभायतस ना, तसंच."

तासभर वाद झाला. शेवटी ठरलं: वेचणी संपेपर्यंत दुपारी धाकटी पोरं शाळेच्या ओट्यावर, म्हातारी मंडळी पाळीपाळीने राखणीला. मी 'सर्वानुमते' लिहायला घेतलं, तर बाईंनी हात धरला. "आबांना पटलेलं नाही. तसं लिहा."

मी लिहिलं: आबांचा विरोध. आबांनी ते तीनदा वाचून घेतलं, सही केली आणि छाती वीतभर फुगवून निघाले. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर मी ढीगभर ठराव लिहिले. त्यांचं स्वतःचं म्हणणं वहीत पहिल्यांदाच आलं होतं.

वेचणी सुरू झाली त्या दुपारी ओट्यावर पहिले हजर आबाच. एक पोरगं खांद्यावर, एक मिशीला लोंबकळतंय.

आत मी सातवीची हजेरी घेतली. अक्कांच्या मुलीपासून शेवटच्या मुलीपर्यंत प्रत्येकीने 'हजर' म्हटलं, घसा ताणून. फलाटावरची गाडी त्या दिवशी कुठवर सरकली, ते रेल्वेला विचारा.