साठ प्रश्न आणि बावीस वर्षं

तर तिसऱ्या परीक्षेला मामा बसला, इथवर काल आलो होतो.

मामा म्हणजे दवाखान्यातला संगणकवाला. सहा मजली दवाखाना, आणि मोठ्या डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. खरी भाची एकच, तीही तिथेच नोकरीला, आणि ती मात्र चारचौघांत त्याला ‘सर’ म्हणायची! बावीस वर्षं या माणसाने तिथल्या तारा ओढल्या, यंत्रं उघडली, झाडली, जोडली. कुठला संगणक खरंच आजारी आहे आणि कुठला नुसता नखरे करतोय, हे तो पंख्याच्या आवाजावरून दारातूनच सांगायचा. शिकला कुठे म्हणाल, तर कुठेच नाही. बोटं भाजून घेत शिकला.

आणि वरून फर्मान आलं: प्रमाणपत्र नाही त्याने यंत्रांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. भाचीची नोकरी दीड वर्षाची, पण प्रमाणपत्रं चार. मामाकडे एकही नाही. तीन वेळा बसायची मुभा मिळाली, त्यात दोनदा तो आपटला.

मग भाची रोज घरी येऊन शिकवणी घेऊ लागली. मामी भाजी निवडता निवडता म्हणायची, “एवढं लग्नाआधी वाचलं असतंत, तर त्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून गेला असतात.”

“मामा, तुला काय माहीत आहे ते विसर,” भाची सांगायची. “त्यांना काय हवंय ते निवड.”

“अगं, पण त्यांना हवं ते केलं तर यंत्र बंदच राहील की!”

“राहू दे. परीक्षेत काही बंद पडत नाही.”

हे त्याला पटलं होतं, बरं का. पण तिसऱ्या परीक्षेत पहिलाच प्रश्न आला: एका मजल्यावरचे सगळे संगणक एकदम बंद पडले, तर प्रथम काय कराल? पर्याय चार. तक्रार नोंदवाल, वरिष्ठांना कळवाल, आराखडा तपासाल की जोडणी बदलाल? मामा हसलाच. बावीस वर्षांत असं नऊ वेळा झालं होतं, आणि नऊही वेळा सफाईच्या मावशींनी फरशी पुसायचं मशीन लावायला प्लग काढलेला! तेवढंच त्या चारांत नव्हतं. तो वर पाहतो, खाली पाहतो, पुन्हा वर. मावशी काही सापडेनात. अकरा मिनिटं गेली. साठांतले शेवटचे सात प्रश्न उघडलेच नाहीत, आणि दोन गुणांनी गेला.

सोमवारी त्याने यंत्रांच्या खोलीशी कार्ड टेकवलं, तर दारावरचा दिवा लाल. त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. एक्स-रे डावीकडे, रक्ततपासणी उजवीकडे.

गुरुवारी सकाळी तपासण्यांचे रिपोर्ट निघेनासे झाले. खिडकीपुढे रांग वाढली. मामा उठला आणि यंत्रांच्या खोलीच्या काचेला नाक लावून उभा राहिला. खालच्या कप्प्यात सगळे संगणक जोडणारा जुना स्विच, त्याची मधली तार सैल होते. अंगठ्याने दाबून धरली की दोन मिनिटांत सगळं चालू. आत भाची फोन कानाला लावून उभी होती. त्याने काच वाजवली, अंगठा दाखवला. तिने नकारार्थी मान हलवली. तिला कळलं होतं हो! ती काचेजवळ आली.

“मामा, मंजुरीशिवाय हात लावला तर माझंही कार्ड जाईल.”

“फक्त दाबायचंय गं.”

“माहीत आहे. बिघाडाच्या यादीत क्रमाने जावं लागतं. तिसऱ्या पायरीवर आहे मी, आणि तारा बाराव्या पायरीला येतात.”

दोघं काचेच्या दोन बाजूंना उभी. मागे एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, रिपोर्ट कधी मिळणार? मामाने त्यांना बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं. त्याच्या हातात तेवढंच होतं. पावणेतीन तासांनी बारावी पायरी आली, भाचीने अंगठ्याने तार दाबली, आणि रिपोर्ट धडाधड निघाले. वरिष्ठांनी तिची पाठ थोपटली.

संध्याकाळी ती फाटकाशी मामाची वाट पाहत थांबली होती. डोळे लाल.

“मामा, तीन संधी संपल्या तरी सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं. मी अर्ज भरते तुझा. बसशील?”

मामाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“बसेन की. पण बावीस वर्षांचं विसरायला किती दिवस लागतात, ते तुझ्या पुस्तकात कुठे दिलंय का, तेवढं बघून सांग.”