उघड्या रेषा

अण्णांच्या सुनेचा, सुमनवहिनींचा, फोन आला तेव्हा मी चौक गावातल्या माझ्या दुकानात एका लग्नपत्रिकेची जुळणी करत होतो. “अण्णा गेले रं, विलास. सकाळीच,” एवढंच त्या बोलल्या. दुकानातून अण्णांचं लोधिवली किती लांब? गाडीला किक मारली की पोचलो. पण मला निघायला तास लागला. आधी मी कॉम्प्युटरवर अण्णांच्या चित्रांचं फोल्डर उघडलं, सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं, आणि मग बंद केलं. कुणी ते मागेल याची भीती होती, की कुणी ते बघेल याची… दोन महिने होत आले. आता सांगून टाकतो.

अण्णांचं आयुष्य मोहोपाड्याच्या एका कारखान्यात धोक्याचे बोर्ड रंगवण्यात गेलं. कवटी, ज्वाळा, हेल्मेट घातलेला हसरा कामगार. निवृत्त झाल्यावर ते लहान मुलांच्या पुस्तकांसाठी शाईची चित्रं काढायला लागले. नुसत्या रेषा. रंग भरायचं काम माझ्याकडे, कारण प्रकाशिकेला सगळं फाइलमध्ये हवं असायचं. मी कागद स्कॅन करायचो, पांढरं काढून फक्त काळी रेषा ठेवायचो आणि तिच्याखाली रंगाचे थर लावायचो. पहिल्या चित्राला मी असे भडक रंग दिले की अण्णा म्हणाले, “ही म्हैस हाय का आईस्क्रीमची गाडी?” मग आमचे प्रयोग सुरू झाले. एकदा त्यांनी कोऱ्या कागदावर नुसता गेरू फासून आणला. मी तो स्कॅन करून त्यांच्या डोंगराच्या रेषेखाली सरकवला, तर डोंगर एकदम मातीचा झाला. अण्णा स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. “ह्यो माजाच हात हाय रं… पन लांबून आल्यावानी.” मग हळदीचं पाणी आणलं, चहाचे डाग आणले, चुलीची राख खळीत कालवून आणली. दोन वर्षं मजेत गेली.

मग रेषा तुटायला लागल्या. संगणकावर रंग ओतायचा तर आकार सगळीकडून बंद लागतो. कुठे केसाएवढी फट राहिली तरी एका क्लिकला गायीचा तपकिरी रंग पानभर पसरतो. ठाकुरवाडीच्या पोरांवरचं पुस्तक चालू होतं तेव्हा पानामागून पान असं फुटायला लागलं. मी चित्र मोठं करून फटी शोधायचो, बुजवायचो. आणि हळूहळू माझ्या मनात आलं, या फटी अशा नेमक्या जागी कशा? कानामागे, शेपटीच्या वळणावर, छपराच्या कोपऱ्यात. चटकन दिसणार नाही अशाच ठिकाणी. मला वाटलं, म्हातारा आडवा येतोय. यांना सगळं पुन्हा हातानं रंगवायचंय, म्हणून माझं काम बिघडवतायत. ते कागद देऊन गेले की मी पाकीटसुद्धा संशयानं उघडायचो. पुढे तर प्रत्येक फटीवर लाल ठिपका द्यायला लागलो. एका झाडावर एकोणीस ठिपके झाले. ते झाड छापून मी त्यांच्यासमोर ठेवलं.

“अण्णा, मुद्दाम सोडता का हे?”

त्यांनी ठिपके मोजले. मग हसले. “हां, मुद्दाम. तुजा संगनक किती हुशार हाय ते बगत हुतो.”

मला हवं होतं तेच उत्तर मिळालं. उशीर का होतोय असं प्रकाशिकेनं विचारल्यावर मी सांगितलं, अण्णांना संगणक खपत नाही, ते मुद्दाम रेषा उघड्या सोडतात. पुढच्या पुस्तकाच्या रेषाही तिनं मलाच काढायला सांगितल्या. मी पेन टॅबलेट घेतला. अण्णांना काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही, फक्त दुकानात येणं बंद केलं.

दहाव्याला गेलो तेव्हा वहिनींनी मला आत बोलावलं आणि पलंगाखालून कंपनीच्या जुन्या कॅलेंडरांचं भेंडोळं काढलं. प्रत्येक पानाच्या पाठीवर नुसत्या रेषा. सरळ, वळणाच्या, गोल, वरपासून खालपर्यंत. दर दोन-चार बोटांवर तुटलेल्या. काही पानांवर रेषा भलतीकडे झुकलेल्या होत्या, ती पानं डाव्या हाताची होती.

“रोज पाटं बसायचे. हात कापायचा ना… मदीच उचलाय लागायचा,” वहिनी म्हणाल्या. “मी बोलले, विलासला सांगा. तर माज्यावरच डाफरले. बोलले, त्याला वाटू दे मी हट्टी हाय. हट्टी मानसाला काम मिलतं, थरथऱ्या मानसाला नाय मिलत.” आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, “तुला ठावं नवतं ना रं?”

“नाही वहिनी,” मी म्हणालो.

ठाऊक होतं. ठिपक्यांचं झाड समोर ठेवलं त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. मी दुकानाच्या मागच्या दारातून येत होतो. अण्णा एकटेच बसले होते. पुढ्यातला कप उचलायला गेले, चहा बशीत हिंदकळला. त्यांनी दुसऱ्या हातानं तो हात दाबून धरला आणि टेबलावर तसाच ठेवला, एखाद्या वळवळणाऱ्या जनावरासारखा. मी दोन पावलं मागे गेलो आणि मोठ्यानं खोकत आत आलो. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे चहा घेतला नाही, पित्त झालंय म्हणाले. सगळं समजूनही मी लाल ठिपके देत बसलो. ते लबाड निघाले असते तर त्यांची जागा घ्यायला मला जड गेलं नसतं, म्हणून त्यांना लबाड ठरवलं. त्यांनी खोटं कबूल केलं आणि मी ते उचललं. आम्हा दोघांनाही ते सोयीचं होतं… पण किंमत त्यांनी एकट्यानं मोजली.

भेंडोळं वहिनींनी मला दिलं. “तुज्याकडंच ऱ्हाऊ दे, तुला यातलं कलतं,” म्हणाल्या. ते दुकानात आहे, स्कॅनरच्या शेजारी. त्यातलं एक पान मी तीन-चारदा हातात घेतलं. शेवटच्या दिवसांतलं असावं. त्यावर एकच मोठा गोल आहे, नुसत्या डोळ्यांना पुरा दिसणारा. तो खरंच पुरा आहे की नाही, मला माहीत नाही. काचेवर ठेवला की कळेल. ठेवलेला नाही. एकदा तो स्क्रीनवर आला की मी मोठा करणार, आणखी मोठा करणार, आणि कडेकडेनं फट शोधत फिरणार… माझा मला भरवसा नाही.