क्रेनच्या पॅनेलला लाखेचं सील

ज्या शहरात नदीच्या पात्रातून खुशाल स्कूटर चालवता येते, त्या शहरात बसून आम्ही बंदराचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. ऑफिस हडपसरला, तिसऱ्या मजल्यावर, खाली बॅटरीचं दुकान. आमच्यातल्या निम्म्यांनी जहाज पाहिलं होतं ते कॅलेंडरवर. पण उदारीकरण आलं होतं, काचेच्या इमारती उठत होत्या आणि आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असं सांगायची पद्धत बंद पडली होती.

काम असं होतं. कोकणातल्या एका बंदरात कंटेनर उचलणाऱ्या तीन परदेशी क्रेन आल्या होत्या. कुठली क्रेन कुठला कंटेनर कधी उचलते, ते आमच्या कॉम्प्युटरवर आपोआप उमटायला हवं होतं. त्यासाठी कुणीतरी तिथे जाऊन क्रेनच्या विजेच्या पॅनेलमधून वायर काढायची होती. ते कुणीतरी म्हणजे मी. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मी एकटीच होते, शिवाय बाकीच्यांना घाटात एस.टी. लागायची.

आमचं घर खडकीला, क्वार्टर्समध्ये. वडील दारूगोळा कारखान्याच्या गेटवर झडती घ्यायच्या कामावर होते. आत काडेपेटी नेता येत नाही, विडी नाही, लायटर नाही. तीस वर्षं ते लोकांचे खिसे चाचपत आणि जेवणाचे डबे उघडून बघत आले होते. एकदा एका बड्या साहेबाच्या कोटात लायटर सापडला, तर त्यांनी त्यालाही गेटवरून परत पाठवलं. साहेब म्हणाला, "मला ओळखता ना?" वडील म्हणाले, "आपल्याला ओळखतो. आगीला आपली ओळख नाही." घरी मात्र त्यांनी कधी कुणाच्या दप्तराला, कपाटाला हात लावला नाही. झडती गेटवर घ्यायची, घरात नाही, असं ते म्हणत.

बंदराच्या गेटवर माझीही झडती झाली, आणि ती बघून वडील खूश झाले असते. पर्स उलटी केली. फ्लॉप्या मोजून वहीत लिहिल्या. माझा साधा कॅल्क्युलेटर 'इलेक्ट्रॉनिक यंत्र' म्हणून जमा करून घेतला आणि पावती दिली. पोळीची गुंडाळी उलगडून बघितली. देशाची सुरक्षा माझ्या पोळीपासून धोक्यात आहे, याची सगळ्यांना खात्री होती.

आणि आत त्या तीन क्रेन. दहा-पंधरा मजल्यांच्या उंचीच्या, उभ्याच्या उभ्या जहाजावरून आलेल्या. त्यांच्या आत काय आहे ते एकाही माणसाने उघडून बघितलं नव्हतं. कारण? उघडलं तर कंपनीची हमी जाते! बाईची पर्स उलटी करायला हमीचा प्रश्न येत नाही.

क्रेनवर मला नेलं तिथल्या चालकाने. पन्नाशीचा, काटकुळा माणूस; मुंबईच्या गोदीत जुन्या क्रेनवर वीस वर्षं काढून इकडे आलेला. केबिनमध्ये त्याने आपला टॉवेल घडी करून मला बसायला दिला.

"मॅडम, येक सांगू? ही मधेच माझं ऐकत नाय," तो म्हणाला. "मी हँडल धरून असतो नि ही आपल्या मनानं थांबते. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, परदेशी मशीन आहे, तुलाच जमत नसेल."

वायर काढायची तर हमी बाजूला ठेवणं भागच होतं; मी पॅनेल उघडलं. आत एका कोपऱ्यात काळी डबी, तिच्यावर लुकलुकणारे दिवे आणि तिच्यातून निघून खाली जमिनीत गेलेली टेलिफोनची वायर. मोडेम. म्हणजे ज्यांनी क्रेन बनवली ते तिकडे त्यांच्या देशात बसून फोन लावणार आणि इथे चाळीस टन लोखंड लटकत असताना क्रेनच्या डोक्यात हात घालणार. आज दुरुस्तीसाठी, उद्या कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. पासवर्डही शोधावा लागला नाही. तो चिठ्ठीवर लिहून दाराला आतून चिकटवला होता.

मी चालकाला ते दाखवलं. त्याने वाकून ते दिवे नीट बघितले. "म्हणजे ह्येच," तो म्हणाला. "तुम्ही तेवढं लिहा मॅडम. तुमचं ऐकतील."

मी लिहिलं. अगदी शहाण्या मुलीसारखं, आकृती काढून. मग हडपसरला आमच्या ऑफिसात सुरक्षा समितीची बैठक झाली. बंदराचे दोन अधिकारी आणि सल्लागार म्हणून सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ. सल्लागारांनी माझी आकृती उलटसुलट करून बघितली.

"ही वायर कसली?"

"टेलिफोनची. हिच्यातून बाहेरचा माणूस क्रेन हलवू शकतो."

"टेलिफोन वेगळ्या खात्याकडे आहे," ते म्हणाले. "आपल्या फॉर्मवर 'बाह्य जोडणी' असा रकाना आहे. टेलिफोन ही जोडणी नव्हे, ती सोय झाली."

दोन्ही अधिकारी हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं! आमचे साहेब तर सुटल्यासारखे झाले. शेवटी असं ठरलं, की पॅनेलला कुलूप लावायचं, कुलपाला फडकं बांधायचं आणि फडक्यावर लाखेचं सील ठोकायचं. सील तोडल्याशिवाय कुणी आत जाऊ शकणार नाही. वायर खालून बाहेर येत होती ती तशीच राहिली. शत्रू येणार तो जिना चढून, हातात पाना घेऊन, असा त्यांचा पक्का समज होता.

मग प्रमाणपत्र आलं: 'पॅनेलची प्रत्यक्ष तपासणी केली. कोणतीही बाह्य जोडणी आढळली नाही.' खाली माझं नाव, सहीला जागा.

"साहेब, मी डोळ्यांनी बघितलंय," मी म्हटलं.

"अगं, एवढ्या मोठ्या कंपनीला कळत नाही आणि तुला कळतं का?" साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तुझे व्हिसाचे कागद पुढच्या आठवड्यात पाठवतोय. की थांबवू?"

त्या दिवसांत ऑफिसात मोक्ष एकच होता, कंपनीच्या कामावर परदेशी जाणं, आणि त्याला ऑनसाइट म्हणत. मी सही केली. दुसऱ्याला नावं ठेवायला मी कधी मागे नव्हते. त्या कागदावरचं माझं नाव मात्र मी लपवून ठेवलं. घरी सांगितलं, काम छान झालं.

तीन महिन्यांनी भर दुपारी मधली क्रेन कंटेनरसकट थांबली, आणि मग चालकाने हँडलला हात लावायच्या आत कंटेनर खाली सोडून मोकळी झाली. खाली ट्रेलर होता. ड्रायव्हरने उडी मारली म्हणून तो वाचला. त्याच्या केबिनचा पत्रा झाला. चौकशी बसली. सील तपासलं, ते शाबूत होतं. प्रमाणपत्र तपासलं, त्यावर सही होती. म्हणजे क्रेनला बाहेरून कुणी हात लावणं शक्यच नव्हतं. मग उरलं कोण? चालक. त्याला निलंबित केलं.

हे मला कळलं ते एका रविवारी सकाळी. बेल वाजली, वडिलांनी दार उघडलं. तोच काटकुळा माणूस, रात्रभर एस.टी.त बसून आलेला. हडपसरच्या वॉचमनकडून त्याने माझा पत्ता मिळवला होता. वडिलांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने पिशवीतून माझ्या प्रमाणपत्राची झेरॉक्स काढली. माझ्याकडे नाही, वडिलांकडे दिली.

"काका, मॅडमनी माझ्यासमोर बघितलं होतं," तो म्हणाला. "पुढल्या बुधवारी शेवटची सुनावणी हाय. नोकरी जाईल ती जाईल. पण माझ्या हातानं माणूस मरत होता असं लिवतील, ते नको."

वडिलांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. तोवर ते निवृत्त झाले होते, पण आवाज गेटवरचाच होता.

"उघडून बघितलं होतंस?"

"हो."

"दिसलं होतं?"

"हो."

"मग सही कशी केलीस?"

मी हमीचं सांगितलं, समितीचं सांगितलं, टेलिफोन वेगळ्या खात्याकडे असतो तेही सांगितलं. सदाशिव पेठेतल्या त्या गृहस्थांचंच वाक्य माझ्या तोंडून येत होतं. व्हिसाचं सांगताना मला इतकी लाज वाटली की मी अर्ध्यावर थांबले. वडिलांनी झेरॉक्स चालकाला परत दिली. चालक चपलांकडे बघत होता.

मी कोरा कागद घेतला आणि लिहून दिलं: पॅनेल उघडलं होतं, मोडेम पाहिलं होतं, माहीत असून खोटी सही केली. खाली नाव, तारीख. त्याने कागदाची घडी केली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं.

त्या कागदावर त्याची नोकरी वाचली, पण पुन्हा क्रेनवर त्याला चढू दिलं नाही; गोदामात बसवलं. मोडेम तिथेच राहिलं. समितीने सुधारणा म्हणून सीलांची संख्या दोन केली. 'पुढच्या आठवड्यात' जाणारे माझे व्हिसाचे कागद साहेबांच्या ड्रॉवरमध्येच जुने झाले आणि वर्षभरात मीही तिथून निघाले.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी नेहमीसारखी ऑफिसला निघाले. आईने ओट्यावर भरून ठेवलेला डबा वडील रोज मला दाराशी आणून देत. त्या दिवशीही आणला. माझ्या हातात देण्याआधी त्यांनी झाकण उघडलं, वरची पोळी उचलून खाली बघितलं, झाकण नीट लावलं आणि मग डबा पुढे केला.