आजोबांची न वाजणारी रायफल

घरी आलेल्या माणसाला आपण पाणी देतो. आमच्या शेजारचे डच आजोबा पांढरे सुती हातमोजे द्यायचे. आधी हातमोजे, मग "या, बसा". कॉफी त्यानंतर, आणि तीही टेबलापासून लांब, खिडकीच्या कट्ट्यावर. कारण रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या टॉवेलवर, रायफल पहुडलेली असायची.

न्यूनेन या आमच्या छोट्या डच गावात सायकल चुकीच्या जागी लावली तरी चार पडदे हलतात. अशा गावात भिंतीपलीकडे बंदूक आहे हे कळल्यावर माझ्या नवऱ्याने आधी घराचा विमा तपासला. मी हातमोजे चढवले. मी त्यांना आजोबाच म्हणायची. अर्थ सांगितल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. ते मला 'बुरफ्राउ' म्हणायचे, म्हणजे शेजारीणबाई. आमचं बोलणं माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये चालायचं.

रायफल त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बनवली होती. वडील बंदुका दुरुस्त करणारे कारागीर. जन्मभर श्रीमंतांच्या बंदुका नीट करून दिल्यावर त्यांनी एक स्वतःसाठी केली. वादळात पडलेल्या आक्रोडाच्या झाडाचा दस्ता, त्यावर हाताने कोरलेली बारीक जाळी. दस्त्याच्या वरच्या कडेला जरा खोलगट भाग होता, नेम धरताना गाल टेकवायला. तो दाखवत आजोबा दर रविवारी न चुकता सांगायचे, "बुरफ्राउ, हा बाबांचा गाल."

मग साफसफाई. नळीतून फडकं ओढायचं, उजेडात धरून पाहायचं. ते पांढरंशुभ्रच निघायचं, कारण वडील गेल्यापासून त्या नळीतून एकही गोळी गेलेली नव्हती. तरी दुसरं फडकं, तरी तिसरं. "धूळ," ते गंभीरपणे म्हणायचे. मी मान डोलवायची.

नाही, आजोबा शिकारीला जात नसत असं नाही. जायचे, पण दुकानातून घेतलेली साधी बंदूक घेऊन. वडिलांची रायफल बाहेर काढायची तर पाऊस नको, दव नको, चिखल नको, आणि नळी झिजायला नको. नेदरलँड्समध्ये असा दिवस उगवायची वाट पाहणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार. तुम्हीही असे लोक पाहिले असतीलच. पुण्याला माझ्या मावशीकडे चिनी मातीचा एक सेट आहे. त्यातून चहा प्यायला लायक पाहुणा अजून जन्माला यायचाय.

एका खंडेनवमीला त्यांनी आमच्याकडे लॅपटॉप, सायकल आणि मिक्सरची पूजा चाललेली पाहिली. रीतसर चौकशी झाली. आम्ही या दिवशी शस्त्रं आणि अवजारं पूजतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी त्यांना सुसंस्कृत शेजार लाभला होता. मी झेंडूचं फूल आणि वाटीत हळद-कुंकू दिलं आणि बजावलं, "फूल समोर ठेवा, हळद टॉवेलला लावा. झाली पूजा."

पण डच माणसाला अर्धवट काम जमत नाही. पाण्यात कालवलेल्या हळदीने पोलाद गंजेल, म्हणून त्यांनी ती जवसाच्या तेलात कालवली आणि थेट दस्त्याला लावली. जवसाचं तेल लाकडात मुरतं, म्हणून तर ते दस्त्याला लावतात. त्याच्याबरोबर हळदही मुरली. बाबांच्या गालावर पिवळाधमक ठसा उमटला तो कायमचा.

आठवडाभर ते घासत होते. मला वाटलं, संपला शेजारधर्म. मग एका संध्याकाळी दारात उभे. "बुरफ्राउ, जवसाचं तेल तुमच्या देवाला चालतं ना?"

"आमचे देव न्यूनेनमध्ये राहतात आजोबा. सगळं चालवून घेतात."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि घासणं थांबवलं.

पुढे त्यांची नजर गेली. डोळ्यांचा पडदाच खराब झाला, तेव्हा परवाना पुन्हा मिळणार नव्हता. परवाना नाही तर रायफल नाही, इथला कायदा सरळ आहे. वाटा दोनच. नळी वेल्डिंग करून कायमची बुजवायची आणि रायफल शोभेला भिंतीवर टांगायची, नाहीतर परवाना असलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याला देऊन टाकायची. त्यांची मुलगी एनस्खेडे शहरात संशोधन करते, कट्टर शाकाहारी. ती फोनवर म्हणाली, "पपा, बुजवा आणि टांगा." मलाही तेच पटलं. निदान घरात तरी राहिली असती.

"बाबांनी ती भिंतीसाठी बनवली नव्हती, बुरफ्राउ."

"मग काय कपाटासाठी बनवली होती?"

आजोबांनी रायफल टॉवेलात गुंडाळली, पोलादी कपाटात ठेवली, आणि माझ्याकडून हातमोजे परत मागून घेतले. पुढच्या रविवारी मला बोलावणं आलं नाही.

परवाना संपत आला तेव्हा त्यांचा फोन आला. मला नेमबाजीच्या मैदानावर सोडाल का, म्हणाले. तिथे एक बाई थांबली होती. शेजारच्या गावात मांसाचं दुकान चालवणारी, स्वतः शिकार करणारी. बूट चिखलाने माखलेले, हात राकट आणि अर्थातच उघडे. आजोबांनी रायफल तिच्या हातात दिली.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

"मला समोरचा कागद दिसत नाही. तू मार. मला ऐकायचंय."

आम्ही सगळ्यांनी कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं चढवली. तिने नेम धरला, आणि नेमकं तेव्हा आजोबांनी आपल्या कानांवरची झाकणं काढून टाकली. जन्मात मोडलेला त्यांचा हा बहुधा पहिलाच नियम.

गोळी सुटली. मैदानावरचा माणूस ओरडत धावत आला. आजोबा रडत होते.

"लहानपणी बाबा शिकारीला गेले की शेतापलीकडून ऐकू यायचा," ते म्हणाले. "हा आवाज आला की आई ताटं मांडायला घ्यायची. आणि मी गाढव, इतकी वर्षं रायफलला गप्प बसवून पुसत राहिलो."

एरवी माझ्या जिभेवर टोमणा तयार असतो. त्या दिवशी माझेही डोळे भरून आले.

रायफल त्या बाईबरोबर गेली, आणि पुढच्या हिवाळ्यात आजोबाही गेले. त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. बोलायला गोड आहेत, पण त्यांच्याकडे जाऊन बसावं असं काही नाही.

मला आठवतो तो मैदानावरून परतीचा रस्ता. त्यांना बरं वाटावं म्हणून मी वाटभर बडबडत होते आणि ते एका शब्दाने उत्तर देत नव्हते. दाराशी गाडी थांबवून मी विचारलं, "आजोबा, ठीक आहात ना?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. त्यांच्या कानात रायफल अजून वाजत होती.