गिरणी होती तिथून उजवीकडे

जामनेरच्या शाळेत शिकवत होते तेव्हा मला एका शिबिरासाठी लातूरला पाठवलं होतं. मधे एक दिवस सुट्टी मिळाली, तशी मी एकटीच एसटीनं भूकंपात पडलेल्या एका शहरात गेले. जळगावच्या वसतिगृहातली माझी धुळ्याची मैत्रीण लग्न होऊन तिथं गेली होती. ती वाचली, एवढंच कानावर आलं होतं.

स्टँड म्हणजे नुसती पत्र्याची शेड. मैत्रिणीच्या पेठेचा रस्ता विचारला तर रिक्षावाला म्हणाला, "गिरणी होती तिथून उजवीकडं वळा."

"गिरणी कुठाय?"

"आता कुठली गिरणी? होती."

वाळूचे ढीग, खडी, सेंटरिंगच्या फळ्या, सगळीकडे सारखंच. पुढे पानटपरीवाल्यानं सांगितलं, "दत्ताच्या देवळामागं." देऊळ दिसत नाही म्हटलं, तर माझेच डोळे अधू असल्यासारखा म्हणाला, "दिसंल कसं? पडलं की."

एकाच खडीच्या ढिगाला तीनदा वळसा घालून झाला. तोंडात धूळ गेली, चपलेचा अंगठा तुटला. नळावरच्या एका बाईनं पडलेल्या चिंचेपासून तिसरी गल्ली सांगितली, तेव्हा मात्र माझा संयम सुटला.

"अहो, जे आहे ते सांगा ना! नाही ते ऐकून मी जाऊ कशी?"

बाई रागावली नाही. "जे हाय ते आमालाबी अजून वळखू येईना," म्हणाली, कळशी तिथंच ठेवली आणि माझा हात धरून चालू लागली. मैत्रिणीच्या दारापर्यंत तिनं तो सोडला नाही.

नवंकोरं स्लॅबचं घर, आणि समोर पत्र्याचं खोपट. मैत्रीण खोपटात भाकरी थापत होती. मला बघून पिठाच्या हातांनीच उठली.

"तू आठे कशी काय उनी व?"

तिची सासू बघतच राहिली. सुनेची ही माहेरची अहिराणी तिनं कधी ऐकली नसावी.

ऊन डोक्यात गेलं होतं. मी सरळ नव्या घरात शिरून फरशीवर बसले. आत सरपण आणि एक शेळी.

"बाई, आधी भाईर या," सासू ओरडली.

"अहो, पक्कं घर आहे! सावली सोडून पत्र्याखाली कशाला बसायचं?"

"आत कुणी थांबत नाही गं," मैत्रीण दारातूनच म्हणाली. तिनंही उंबरा ओलांडला नाही. शिकलेल्या मुलीनं असं वागावं, याचा मला भयंकर राग आला. तिला चार शब्द सुनावणार, तेवढ्यात मागून वाळूचा ट्रक गेला. फरशी थरथरली, खिडकीची काच वाजली. दुसऱ्या क्षणी मी अंगणात होते, अनवाणी, शेळीच्याही पुढे.

मैत्रीण खळखळून हसली. सासू हसली नाही. तिनं खोपटात माझ्यासाठी पोतं अंथरलं.

तापलेल्या पत्र्याखाली घाम पुसत आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. मी उकाड्याच्या नावानं कुरकुरत होते.

"धुळ्याला गेले तरी मी खाट अंगणातच टाकते," मैत्रीण हळूच म्हणाली. "आई चिडते."

"चिडू दे," मी म्हटलं.