दोरीवरची दुधाची पिशवी

समोरच्या गॅलरीतल्या देसाईकाकू दुधाची रिकामी पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालतात. टॉवेल आणि बनियनच्या मधे ती परक्या घरी आल्यासारखी अंग चोरून लटकते. खाली घंटागाडीत ओला-सुका सगळा कचरा एकत्रच पडतो, हे परवा आम्ही दोघींनी फाटकात उभं राहून पाहिलं. तरी दुसऱ्या दिवशी पिशवी दोरीवर होतीच.

"काकू, मग धुता कशाला?" मी न राहवून विचारलं.

त्याच गोंधळल्या. "कुणास ठाऊक गं. तशीच टाकली तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं."

हे काय उत्तर झालं? पृथ्वीची काळजी म्हणाल्या असत्या, तर मान डोलावून मी मोकळी झाले असते.

आता काकू लेकीकडे गेल्यात. आज दूध तापत ठेवलं आणि बघते तर माझ्या हातात धुतलेली पिशवी! कुणी पाहावं म्हणून धुतली म्हणावं, तर समोरची खिडकी बंद. मग कुणासाठी? काही केल्या कळेना. पिशवी वाळत घालून आत आले. मग पुन्हा बाहेर जाऊन ती जरा पुढे सरकवली, काकूंच्या गॅलरीतून दिसेल अशी.