दोन दिवसांचं जबलपूर

जबलपूर दोन दिवसांत कसं दाखवावं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पुण्या-नागपूरचे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, त्या शेजाऱ्यांच्या ऑफिसातले लोक, सगळ्यांना माझा नंबर दिलेला आहे. ‘तिला विचारा, ती तिथेच असते.’ हे ‘तिथेच असते’ मला फार झोंबतं. असते म्हणजे काय? विजेचा खांब आहे का मी?

पण विचारलं की सांगते. हिवाळ्यात या. पावसाळ्यात भेडाघाटच्या होड्या बंद असतात, आणि मे महिन्यात तुम्ही आलात तर तुमचं तुम्ही बघा. सकाळी पोहे-जलेबी खा, पण बेतानं, कारण नंतर कमानिया गेटपाशी खोव्याची जलेबी खायची आहे. ती काळपट दिसते, पाहुण्यांना जळलेली वाटते. जळलेली नसते. एक पुरते, दुसरी मागणाऱ्याला दुपारचं जेवण जात नाही, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. तिकडे स्वतःची गाडी नेऊ नका, ई-रिक्षानं जा. मदनमहालच्या टेकडीवर एका दगडावर दुसरा दगड तोलून उभा आहे, ते पाच मिनिटांचं काम आहे. खाली उतरलात की गरम मंगोडे खा, म्हणजे मुगाच्या डाळीची भजी, हिरव्या चटणीबरोबर. संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेची आरती. पायऱ्या गार पडतात, बसायला जुनी चादर न्या. दुसरा दिवस पूर्ण भेडाघाटला द्या. आधी धुआंधार धबधबा, मग ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी चौसष्ट योगिनींचं टेकडीवरचं देऊळ, आणि शेवटी होडी. परतताना गक्कड-भरता. गक्कड म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले. कोट चांगला घातला असेल तर काढून ठेवा.

हा सगळा बेत मी एकदा माझ्या सख्ख्या भावाला लिहून पाठवला, तेव्हा मात्र मला हसावं की रडावं कळेना. भाऊ माझ्याहून धाकटा. इथल्याच महाराजपुरात, मी राहते त्याच घरात वाढलेला. ग्वारीघाटावर पोहायला शिकला आणि त्यासाठी बाबांचा मारही खाल्ला. आणि त्याचा पुण्याहून मेसेज: ‘ताई, दोन दिवस येतोय दोघं. मस्त प्लॅन कर. लोकल फूड, साइट सीइंग, सगळं.’ आई गेली त्या वर्षानंतर तो पहिल्यांदाच येत होता. मी बेत पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

मला त्या दोन दिवसांत त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं बाबांना पुण्याला न्यावं. शाळा बंद असते तेवढे दोन महिने. मी शाळेत शिकवते. सकाळी जाते, दुपारी येते, तेवढ्यापुरतं शेजारच्या दीदी बाबांवर लक्ष ठेवतात. बाकीचा सगळा वेळ मी घरात. बाबा एकदा न्हाणीघरात पडले, तेव्हापासून त्यांना एकटं सोडता येत नाही. आमच्या शाळेतल्या बाया दर सुट्टीत कुठे ना कुठे जातात, गंगटोक, केरळ, आणि दर वर्षी मला विचारतात. यंदा विचारताना एकीनं स्वतःच उत्तर दिलं, ‘तुझं काही जमायचं नाही.’ मी हसले. घरी येऊन गॅससमोर उभी राहिले आणि मला श्वास पुरेना. चार भिंती म्हणतात तसं नव्हे. भिंतींचं मला काही नाही. पण माझ्या आयुष्यात आता काही होणार नाही, एवढं स्पष्ट मला त्याआधी कधी दिसलं नव्हतं.

हे भावाला फोनवर सांगता आलं नसतं का? नसतं. फोन स्वयंपाकघरातून करा की गच्चीवरून, बाबा ‘कोण आहे?’ म्हणून येऊन उभे राहतात. आणि बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी मशीनच्या शेजारी गेली, कान तिथेच गेले. आमच्या कॉलनीत हे घरोघर आहे. फॅक्टरीवाल्यांच्या घरांवरून जाताना नवीन माणसाला वाटतं, आत भांडण जुंपलंय. आत फक्त ‘भात वाढू का’ चाललेलं असतं.

पहिल्या दिवशी मी भावाला तीनदा गाठलं. जलेबीच्या दुकानासमोर त्याला ऑफिसचा फोन आला. दगडावरच्या दगडापाशी तो बायकोचे फोटो काढत होता. आरतीनंतर म्हणाला, ‘बोलू ना ताई, निवांत बोलू.’ हा मुलगा लहानपणीसुद्धा असाच होता, दूध सांडलं की तिथून काढता पाय घ्यायचा. तेव्हा मी ठरवलं, होडीत. होडीतून माणूस उठून जाऊ शकत नाही. भेडाघाटच्या त्या संगमरवरी खडकांमध्ये फोनलाही रेंज नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी, होड्या सुटतात त्या पंचवटी घाटावर मी सगळ्यांच्या होडीत बसायचं नाकारलं आणि आमच्या चौघांपुरती वेगळी होडी केली. भाऊ म्हणाला, ‘एवढं काय ताई, कशाला?’ मी म्हटलं, ‘पाहुणे आहात तुम्ही.’

बाबांना पुढे बसायचं होतं, होडीवाल्याच्या जवळ. भावजय त्यांच्या शेजारी बसली, व्हिडिओ नीट येतो म्हणून. मी भावाला धरून मागे बसवलं. झालं माझ्या मनासारखं.

होडीवाल्यांचं तिथे एक ठरलेलं भाषण असतं. इकडे बघा हत्तीचा पाय, तिकडे बघा मोटारगाडी, इथून माकडं उडी मारून पलीकडे जायची. सगळं यमक जुळवून, मध्ये मध्ये बायकोवरचे विनोद. भावजय खदखदून हसत होती. मी मात्र एक अक्षर ऐकत नव्हते. दोन्ही बाजूंना पांढरे कडे जवळ यायला लागले, वर आकाशाची पट्टी तेवढी राहिली, आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मग एका वळणावर होडीवाल्यानं वल्ही पाण्याबाहेर काढली. ‘अब दो मिनट कोई कुछ नहीं बोलेगा. बस सुनिए.’

भावजयीनं मोबाइल खाली घेतला. पाणी हलत होतं तेवढंच. आणि मी बोलले.

‘या उन्हाळ्यात बाबांना घेऊन जा. दोन महिने. माझ्यानं आता होऊन नाही राहिलं.’

मराठीत बोलले. जबलपुरात आम्ही घरातलं सगळं रस्त्यावर, ऑटोत, दवाखान्यात बिनधास्त मराठीत बोलतो. आजूबाजूच्या हिंदी माणसांना काय कळणार, ही खात्री हाडीमासी भिनलेली असते. आणि नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे बाबांचा प्रश्न नव्हता.

‘काहून? काही झालं का?’ भाऊ दचकून म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून ‘का’ऐवजी आमच्या घरचं ‘काहून’ निघालं.

‘काही नाही झालं. तेच सांगून राहिली मी. काहीच होत नाही. सकाळी चहा, रात्री गोळ्या. मी गुदमरून राहिली रे. बाबा म्हणजे कुलूप झाले आहेत माझं.’

भावजयीनं मागे वळून पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

‘आपण घरी गेल्यावर निवांत...’

‘निवांत इथंच आहे. कुठं जाशील उठून?’

मग म्हणाला, ‘बघतो.’ आमच्या घरात ‘बघतो’चा अर्थ ‘नाही’ असा होतो, आणि तो आम्हा दोघांनाही ठाऊक होता. बाबा पाठमोरे होते, होडीच्या कडेवर हात ठेवून. ते वळले नाहीत. होडीवाल्यानं वल्ही पाण्यात घातली आणि पुन्हा भाषण सुरू केलं; भाषण आता जरा मवाळ झालं होतं.

गक्कडच्या दुकानात आम्ही बाकड्यावर बसलो. बाबांना गक्कड फार आवडतं. ते कुणाशी न बोलता दोन संपवतात आणि मग तूप कमी घातलं म्हणून दुकानदाराशी वाद घालतात. त्या दिवशी एकच गोळा हातात धरून चुरत बसले होते. मग भावाला म्हणाले, ‘तुझ्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना?’

‘आहे ना बाबा!’ भाऊ ओरडून म्हणाला.

‘मग उन्हाळ्यात दोन महिने येऊ का तुझ्याकडे?’

उन्हाळा आणि दोन महिने हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. होडीत, एकदाच, ती दोन मिनिटं. आमच्या घरात पंखा, टीव्ही, कुकर आणि आमचं ओरडणं यांच्यात बाबांना काही ऐकू येत नाही, हे खरं. पण जिथे काहीच आवाज नाही तिथे त्यांना ऐकू येतं का, हे बघायचं इतक्या वर्षांत आम्हाला सुचलं नव्हतं. आम्ही कधी गप्प बसलोच नव्हतो.

भावानं बायकोकडे पाहिलं. ती चांगली आहे, खोटं बोलायला तिला जमत नाही. बाबांच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘या ना बाबा. पण तुम्हाला तिथे करमणार नाही हो. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुमच्या ओळखीचंही कुणी नाही. आणि इथे ताई कसं सगळं वेळच्या वेळी करतात.’

‘हां, ते तर आहे,’ बाबा म्हणाले. ‘चलो, ठीक आहे.’ आणि त्यांनी गक्कड भरत्यात बुडवलं. दुकानदाराशी त्यांनी वाद घातला नाही.

रात्रीच्या गाडीनं भाऊ-भावजय गेले. मी इथल्या जवळच्या पनागरचा मटार सोलून पिशवीत भरून दिला होता. प्लॅटफॉर्मवर भावजयीनं माझे दोन्ही हात धरले. ‘ताई, किती सुंदर प्लॅन केलात. तुम्ही किती लकी आहात, इथे राहता.’ मी तिची ओटी आधीच भरलेली होती, नाहीतर तिथे काही तरी बोलून बसले असते. भाऊ गाडी हलल्यावर खिडकीतून म्हणाला, ‘ताई, बोलू आपण.’

होडीतल्या त्या बोलण्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही. खरं होतं ते आणि अजूनही खरं आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. मला राग येतो तो पुढे जे झालं त्याचा.

दुसऱ्या सकाळी बाबांनी चहाचा कप स्वतः विसळून पालथा घातला. उभ्या आयुष्यात त्यांनी कप विसळलेला मी पाहिला नव्हता. यापूर्वी त्यांचा दिवस टेबलावर थाप मारून ‘चहा!’ अशा आरोळीनं सुरू व्हायचा, आणि मी आतून तितक्याच जोरात ‘आणून राहिली ना!’ म्हणून ओरडायची. आता म्हणतात, ‘तुला वेळ असेल तर घोटभर चहा करशील का?’ टीव्ही लावायच्या आधी विचारतात. आंघोळीला जाताना सांगून जातात. मला शाळेतून यायला उशीर झाला की पूर्वी फाटकातच तोफ डागायचे. आता ‘आलीस का, बस’ म्हणतात. मी वैतागून एकदा ओरडले, ‘बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही?’

‘हळू बोल,’ ते म्हणाले. ‘येतं मला ऐकू.’

एप्रिलमध्ये त्यांनी आपणहून विषय काढला. ‘तू जा तुझ्या शाळेवाल्यांबरोबर. मी राहीन एकटा. दीदी आहेत बाजूला.’ न्हाणीघराच्या दाराला धरून, पाय चाचपत उभे राहून त्यांनी हे सांगितलं. मी गेले नाही. कशी जाणार? आधी त्यांच्यावर चिडता तरी यायचं. दिवसातून चारदा त्यांच्यावर आवाज चढवायचा आणि त्या जोरावर दिवस ढकलायचा, असं माझं चाललं होतं. या गोड बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर काय चिडणार? दार सताड उघडून ते बाजूला उभे आहेत आणि मला पाऊल उचलता येत नाही.

सुट्टी लागायच्या आधी शाळेत शेवटची मीटिंग होती, ती लांबली. घरी पोचले तेव्हा दुपार टळून गेली होती. दीदींनी बाबांचं ताट वाढून दिलेलं होतं. ते टेबलाशी बसले होते, ताटावर दुसरं ताट झाकलेलं, अन्नाला हात लावलेला नव्हता. दुपारच्या गोळ्याही तशाच.

‘जेवले का नाही तुम्ही?’ मी विचारलं. हळू आवाजात.

‘तू आल्याशिवाय कसा जेवू?’ बाबा म्हणाले. ‘तुझ्या घरात.’

ते घर त्यांचं आहे. फॅक्टरीत ओव्हरटाइम करकरून, एकेक खोली वाढवत त्यांनी ते बांधलं. आईचा आणि आमचा दोघांचा जन्म त्यांच्या त्या चढ्या आवाजात गेला. मी त्यांच्यासमोरचं ताट उचललं आणि भाजी गरम करायला आत गेले.